थुंकीत ॲस्परजिलस सापडला: पुढची तपासणी, औषध आणि भरवशाची माहिती

प्रश्न थोडक्यात असा. हडपसरला जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या एका डॉक्टरांकडे ५२ वर्षांचा रुग्ण आहे. चार वर्षांपूर्वी फुप्फुसाच्या टीबीचा कोर्स पूर्ण झालेला. गेले पाच महिने खोकला, वजन उतरलेलं, बेडक्यात अधूनमधून रक्ताची रेघ. सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) दोनदा निगेटिव्ह. एक्स-रेत उजवीकडे वरच्या भागात जुनी पोकळी आणि तिच्यात गोळ्यासारखं काहीतरी. थुंकीच्या कल्चरमध्ये ॲस्परजिलस फ्युमिगेटस आला, पण रक्तातला गॅलॅक्टोमॅनन (या बुरशीच्या पेशीभित्तिकेतला घटक) निगेटिव्ह. ही बुरशी खरी मानायची की हवेतून आलेली? पुन्हा एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, द्यावी का? आणि या विषयावर विश्वासाने वाचावं असं काय आहे? डॉक्टरांची मुलगी एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीला आहे, तिलाही याच बुरशीवर प्रकल्प करायचा आहे.

डॉक्टर, एकेटी सुरू करू नका. निदान अजून पक्कं व्हायचं आहे, पण तुम्ही लिहिलेलं चित्र क्रॉनिक पल्मनरी ॲस्परजिलोसिसचं, म्हणजे सीपीएचं आहे. गॅलॅक्टोमॅनन निगेटिव्ह आला म्हणून ते खोडलं जात नाही. रक्तातला गॅलॅक्टोमॅनन ही या आजाराची तपासणीच नव्हे, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

ॲस्परजिलसचे बीजाणू जेमतेम २ ते ३ मायक्रॉनचे असतात. हवेवर तरंगत थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि आपण सगळेच ते रोज श्वासात घेतो. पुण्यात जून ते ऑक्टोबर भिंतींना ओल असते, सोसायट्यांच्या आवारात ओल्या कचऱ्याचे खड्डे असतात, बांधकाम तर बाराही महिने चालू. त्यामुळे थुंकीच्या एका प्लेटवर बुरशी उगवली यावरून आजार ठरत नाही. आजार कोणता होणार हे शरीर ठरवतं. दम्याच्या रुग्णात ती ॲलर्जी उठवते, तो एबीपीए. जुन्या पोकळीत महिनोन्महिने मुक्काम ठोकते, तो सीपीए. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी खाली आलेल्या किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्या माणसात ऊतींत शिरून दिवसांत पसरते, तो इन्व्हेसिव्ह प्रकार. बुरशी तीच, पण तपासणी, औषधाचा काळ आणि धोका तिन्हींत वेगळे.

एबीपीएसाठी आयजीई ही अँटिबॉडी लागते, सीपीएसाठी आयजीजी ही अँटिबॉडी, इन्व्हेसिव्हसाठी गॅलॅक्टोमॅनन. लॅबच्या फॉर्मवर मात्र ‘ॲस्परजिलस अँटिबॉडी’ एवढंच छापलेलं असतं आणि पेशंट आयजीएम नाहीतर आयजीईचा रिपोर्ट घेऊन परत येतो. आयजीएमचा सीपीएत काही उपयोग नाही. चिठ्ठीवर स्वच्छ लिहा: ‘ॲस्परजिलस फ्युमिगेटस स्पेसिफिक आयजीजी’. रिपोर्टवर पद्धत आणि कट-ऑफ दोन्ही छापले आहेत का ते बघा. एलायझा आणि फ्लुरोएन्झाइम पद्धतीचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून पुढच्या वर्षभराच्या तपासण्या एकाच लॅबकडून, एकाच पद्धतीने करून घ्या. पट्टीवर होणारी झटपट चाचणीही आहे. ती हो किंवा नाही सांगायला चांगली, पण तिच्यावर पाठपुरावा करता येत नाही, कारण ती आकडा देत नाही.

सीपीएची व्याख्या २०१६ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत नीट बांधलेली आहे: छातीच्या प्रतिमेत एक किंवा अधिक पोकळ्या (आत गोळा असो वा नसो), ॲस्परजिलसचा थेट पुरावा किंवा त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी, दुसरं कारण वगळलेलं, आणि हे सगळं किमान ३ महिने चालू असलेलं. २०१८ मध्ये मर्यादित साधनांच्या देशांसाठी याचंच सुटसुटीत रूप आलं. त्यात सीटी नसेल तर एक्स-रेवरही काम भागवता येतं. तुमच्या रुग्णात आयजीजी सोडून जवळपास सगळं जुळतं. तो पॉझिटिव्ह आला तर शंका फार कमी उरते, कारण सीपीएच्या १० पैकी ९ हून अधिक रुग्णांत तो पॉझिटिव्ह असतो. निगेटिव्ह आला तरी प्रकरण मिटवू नका. दुसऱ्या पद्धतीने परत करा, आणि बुरशी फ्युमिगेटस सोडून फ्लेवस किंवा नायगर जातीची असेल तर फ्युमिगेटसच्या अँटिजनवर बेतलेली चाचणी चुकू शकते हेही ध्यानात ठेवा.

‘दुसरं कारण वगळलेलं’ हा भाग सगळ्यात जास्त गाळला जातो. सीबीनॅट निगेटिव्ह म्हणजे टीबी नाही हे बऱ्यापैकी ठरतं, पण नॉन-ट्युबरक्युलस मायकोबॅक्टेरिया राहतात, आणि ते नेमके अशाच जुन्या, फाटलेल्या फुप्फुसात येतात. म्हणून थुंकी लिक्विड कल्चरला पाठवा आणि अंतिम रिपोर्टची ६ आठवडे वाट बघा. धूम्रपान करणारा असेल तर कर्करोगही मनात ठेवा. पोकळीची भिंत एकाच बाजूने जाड आणि खडबडीत होत असेल तर बायोप्सीची चर्चा लवकर करा.

एचआरसीटी (फुप्फुसाचा बारकाईचा सीटी स्कॅन) करून घ्या, शक्यतो एकदा पालथं झोपवूनही. बुरशीचा गोळा सुटा असेल तर तो पोकळीत खाली घरंगळतो आणि वरची हवेची चंद्रकोर जागा बदलते. गोळा हलला नाही तर तो भिंतीला चिकटलेला असू शकतो किंवा ती गाठही असू शकते. गोळ्यापेक्षाही भिंतीकडे आणि शेजारच्या प्लुराकडे (फुप्फुसाच्या आवरणाकडे) बघा. गोळा नसताना फक्त भिंत जाड होत जाणं हे सीपीएचं पहिलं लक्षण असतं, आणि रिपोर्ट लिहिणारे त्याला ‘जुने टीबीचे बदल’ म्हणून मोकळे होतात. जुनी फिल्म शेजारी ठेवून स्वतः तुलना करा.

एकेटीबद्दल आणखी थोडं. टीबी होऊन गेलेल्या माणसाला खोकल्यात रक्त दिसलं की पुन्हा औषधं चालू करण्याची आपल्याकडे सवय आहे. एक्स-रेवर दोन्ही आजार सारखेच दिसतात, त्यामुळे असं का होतं ते कळतं. पण नुकसान दुहेरी होतं. बुरशी वाढत राहते, आणि रिफाम्पिसिन यकृतातली एन्झाइम इतकी चेतवतं की नंतर दिलेलं इट्राकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल रक्तात जवळपास सापडतच नाही. रिफाम्पिसिन बंद केल्यावरही हा परिणाम ओसरायला साधारण दोन आठवडे लागतात. दोन्ही आजार खरोखर एकत्र निघाले, तर तो रुग्ण छातीविकार तज्ज्ञाकडेच असावा. तिथे औषधांची सांगड घालणं हेच मुख्य काम असतं.

आता औषध. निदान पक्कं झालं आणि लक्षणं असतील तर इट्राकोनॅझोल २०० मिग्रॅ दिवसातून दोनदा. किती दिवस? २०१६ च्या तत्त्वांत किमान ६ महिने म्हटलं होतं. चंदीगडच्या पीजीआयने ६ विरुद्ध १२ महिने अशी यादृच्छिक चाचणी केली, ती २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण ६ महिन्यांच्या गटात ३८ टक्के, १२ महिन्यांच्या गटात १० टक्के. आपल्याच देशातले रुग्ण, आपल्यासारखीच टीबीनंतरची फुप्फुसं. त्यामुळे सुरुवातीलाच रुग्णाला वर्षभराची तयारी ठेवायला सांगा. दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून औषध बंद करणारे पुष्कळ असतात.

एक अपवाद आहे. पोकळीत एकच गोळा, लक्षणं काहीच नाहीत आणि फिल्म महिनोन्महिने तशीच, अशा माणसाला औषध देऊ नका. तपासत राहा. एकच गोळा, पण रक्त पडतंय आणि फुप्फुसाची ताकद चांगली, असा रुग्ण शस्त्रक्रियेसाठी दाखवावा. शस्त्रक्रिया करताना पोकळी फुटून बुरशी प्लुरात सांडली तर नवंच दुखणं मागे लागतं, म्हणून ती अशा कामाची सवय असलेल्या सर्जननेच करावी.

इट्राकोनॅझोलची साधी कॅप्सूल पोटात आम्ल असेल तरच शोषली जाते. ती भरपेट जेवणानंतर लगेच घ्यायची. रुग्णाला ॲसिडिटीची गोळी बंद करणं शक्य नसेल तर कॅप्सूल कोलासारख्या आम्लधर्मी पेयाबरोबर द्या, मधुमेह्यांना बिनसाखरेचं. ओरल सोल्युशन मात्र उलट, रिकाम्या पोटी. सुबा प्रकारच्या कॅप्सूलचा डोस वेगळा असतो आणि तिला जेवणाची किंवा आम्लाची तितकी अडचण नाही. साध्या १०० च्या जागी केमिस्टने सुबा ५० किंवा ६५ दिली तर गोंधळ होतो, म्हणून चिठ्ठीवर प्रकार लिहा आणि बदलू नये असंही लिहा. साध्या कॅप्सूलच्या आत बारीक पेलेट असतात. त्यांचा आकार आणि संख्या ब्रँडनुसार बदलते आणि शोषणावर त्याचा परिणाम होतो. कॅप्सूल उघडून कागदावर ओतली की फरक डोळ्यांनाही दिसतो. काही ठिकाणी मोजके मोठे दाणे, काही ठिकाणी एकसारखे बारीक. तरीही डोळ्यांवर विसंबू नका, औषधाची रक्तातली पातळी करा.

पातळी औषध सुरू झाल्यावर २ आठवड्यांनी. इट्राकोनॅझोल शरीरात बराच काळ राहतं, त्यामुळे रक्त कधी काढलं याने फारसा फरक पडत नाही. एचपीएलसी पद्धतीने ०.५ मिग्रॅ प्रति लिटरच्या वर हवी, १ च्या आसपास उत्तम, आणि ४ च्या पुढे गेली तर विषारी परिणामांची शंका घ्या. बायोअसे पद्धतीने हेच आकडे कित्येक पट जास्त येतात, म्हणून पद्धत न बघता आकड्यावरून डोस कमी करू नका. पातळी कमी आली तर आधी विचारा: जेवणानंतर घेता का, पॅन्टोप्राझोल चालू आहे का, कोणी दुसऱ्या डॉक्टरने फेनिटोइन किंवा कार्बामाझेपिन दिलंय का.

पुण्यातल्या कुठल्याही चिठ्ठीवर हमखास सापडणारी पॅन्टोप्राझोल-डोमपेरिडोनची कॅप्सूल इट्राकोनॅझोलबरोबर दोन्ही बाजूंनी वाईट. पॅन्टोप्राझोल शोषण घटवतं, आणि डोमपेरिडोनची रक्तातली पातळी वाढून क्यूटी (ईसीजीवरचं एक अंतर) लांबतो. ती बंद करा. सिम्व्हास्टॅटिन चालत नाही, अटोर्व्हास्टॅटिनचा डोस कमी ठेवावा लागतो. ॲम्लोडिपिनबरोबर पायांची सूज वाढते. इट्राकोनॅझोल हृदयाचं आकुंचन कमी करतं, म्हणून हार्ट फेल्युअरच्या रुग्णात ते टाळा, आणि साठीपुढच्या माणसात आधी ईसीजी आणि टू-डी इको करा. पोटॅशियम उतरणं, रक्तदाब चढणं आणि घोट्याला सूज ही तिन्ही एकत्र दिसली तर हा औषधाचाच परिणाम आहे, मिठावर दोष ढकलू नका. एलएफटी (यकृताची रक्ततपासणी) सुरुवातीला, एका महिन्याने, मग दर दोन-तीन महिन्यांनी.

बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनचा पंप घेणाऱ्यांकडे जास्त लक्ष ठेवा. इट्राकोनॅझोलमुळे पंपातलं स्टेरॉइड शरीराबाहेर पडत नाही, साठत जातं. चार-सहा आठवड्यांत चेहरा गोल होतो, साखर चढते, आणि मग कोणीतरी पंप एकदम बंद करतो. तेव्हा ॲड्रिनल ग्रंथी झोपलेली असते आणि रुग्ण उलट्या, चक्कर, कमी रक्तदाब घेऊन कॅज्युअल्टीत येतो. पंप हवाच असेल तर बेक्लोमेथासोन तुलनेने बरं. तोंडाने स्टेरॉइड द्यायचं झालं तर मिथिलप्रेडनिसोलोन टाळून प्रेडनिसोलोन द्या.

इट्राकोनॅझोल सोसलं नाही तर व्होरिकोनॅझोल, १५० ते २०० मिग्रॅ दोनदा. हे जेवणाच्या एक तास आधी किंवा एक तास नंतर. याची पातळी डोस घेण्याच्या ठीक आधी काढायची, ५ दिवसांच्या सुमारास, आणि ती १ ते ५.५ च्या दरम्यान हवी. सीवायपी२सी१९ या एन्झाइमच्या जनुकीय फरकामुळे एकाच डोसवर एकाची पातळी शून्याजवळ, तर दुसऱ्याची ८ असू शकते. डोळ्यांसमोर रंग चमकणं पहिल्या आठवड्यात चालतं, भास होणं चालत नाही. उन्हाने त्वचा भाजते, म्हणून शेतावर किंवा दुचाकीवर दिवसभर असणाऱ्याला पूर्ण बाह्या आणि टोपी सांगा. वर्षानुवर्षं घेतल्यास त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो आणि फ्लोराइड साठून हाडं दुखू लागतात.

रक्त पडण्याबद्दल रुग्णाच्या घरच्यांना आधीच लिहून द्या. रेघा असतील तर ट्रॅनेक्सामिक ॲसिड ५०० मिग्रॅ दिवसातून तीनदा आणि लवकर भेट. कपभर लाल रक्त आलं तर वाट बघायची नाही. ज्या बाजूला पोकळी आहे त्या कुशीवर झोपवायचं, म्हणजे चांगलं फुप्फुस वर राहून रक्ताने भरत नाही, आणि ब्रॉन्कियल आर्टरी एम्बोलायझेशनची (रक्त गळणारी धमनी आतून बंद करण्याची) सोय असलेल्या रुग्णालयात थेट न्यायचं. ही सोय कुठे आणि रात्री चालू असते का, हे आजच फोन करून विचारून ठेवा. तुमच्या रुग्णात पोकळी उजवीकडे, म्हणजे उजव्या कुशीवर. एम्बोलायझेशनने रक्त थांबतं, पण बुरशीवर औषध चालू नसेल तर ते पुन्हा पडतं.

पाठपुराव्यात वजन सगळ्यात बोलकं, दर वेळी त्याच काट्यावर. आयजीजी हळू उतरतो, तीन महिन्यांत निम्मा झाला नाही म्हणून औषध बदलू नका. सीटी ६ महिन्यांनी. आजार उलटून आला, किंवा पातळी चांगली असूनही वाढत राहिला, तर पुन्हा कल्चर करून अझोल ससेप्टिबिलिटी मागा, म्हणजे इट्राकोनॅझोल-व्होरिकोनॅझोलच्या गटातली औषधं या बुरशीवर चालतात का ते बघा.

एबीपीएबद्दल थोडंच लिहितो, कारण तुमचा रुग्ण तो नाही, पण तुमच्या दम्याच्या रुग्णांत तो सापडेल. १९५२ मध्ये इंग्लंडमध्ये पहिल्यांदा वर्णन झालेला हा आजार आपल्याकडे अजूनही टीबीच्या नावाखाली जातो, कारण एक्स-रेतले डाग जागा बदलत राहतात आणि एकेटीने ‘उतरले’ असं वाटतं. खरं तर ते आपोआपच उतरतात. दमा, त्यात बेडक्यातून तपकिरी, रबरासारखे गठ्ठे पडतात असं कोणी सांगितलं की ॲस्परजिलस आयजीई मागवा. ०.३५ किंवा जास्त आला तर टोटल आयजीई. २०२४ च्या सुधारित निकषांत टोटल आयजीईची मर्यादा १००० वरून ५०० आययू प्रति मिलीवर आणली आहे. या दोन्हींच्या जोडीला आयजीजी पॉझिटिव्ह, इओसिनोफिल ५०० किंवा जास्त, आणि सीटीतले साजेसे बदल यांपैकी किमान दोन हवेत. काही लॅब टोटल आयजीई नॅनोग्रॅममध्ये छापतात. एक आययू म्हणजे २.४ नॅनोग्रॅम, त्यामुळे एकक न बघता वाचलं तर ३०० चा रुग्ण ७२० चा दिसतो. सीटीत श्लेष्म्याचा गठ्ठा पाठीच्या स्नायूंपेक्षा पांढरा दिसला तर निदान जवळपास पक्कं. औषध प्रेडनिसोलोन ०.५ मिग्रॅ प्रति किलो २ ते ४ आठवडे, मग कमी करत एकूण ४ महिने, किंवा तितकेच महिने इट्राकोनॅझोल. आयजीई ८ आठवड्यांनी पुन्हा. तो किमान पाचव्या हिश्शाने उतरायला हवा. तो नॉर्मलवर आणायच्या मागे लागून स्टेरॉइड वाढवत नेणं ही फार सर्रास होणारी चूक आहे.

इन्व्हेसिव्ह प्रकार क्लिनिकमध्ये हाताळायचा नाही, ओळखून पाठवायचा. ल्युकेमियाची केमोथेरपी, प्रत्यारोपण, दीर्घकाळ जास्त स्टेरॉइड, व्हेंटिलेटरवरचा फ्लू किंवा कोविड, अशा माणसाला अँटिबायोटिकला दाद न देणारा ताप आला तर सीटी त्याच दिवशी. व्होरिकोनॅझोल इथे पहिल्या फळीत आहे ते २००२ च्या चाचणीपासून. १२ आठवड्यांनी जगलेले रुग्ण त्या गटात ७०.८ टक्के होते, जुन्या ॲम्फोटेरिसिनच्या गटात ५७.९ टक्के. पण पुण्याने २०२१ मध्ये म्युकर (काळी बुरशी) पाहिलेला आहे, आणि म्युकरवर व्होरिकोनॅझोल चालत नाही. दोन्हींची शंका असेल तर लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनने सुरुवात होते. स्लाइडवर ॲस्परजिलसचे तंतू ३ ते ६ मायक्रॉन रुंद, आडव्या पडद्यांचे, साधारण ४५ अंशांत फुटणारे, आणि म्युकरचे रुंद, फितीसारखे, जवळजवळ काटकोनात फुटणारे. गॅलॅक्टोमॅनन म्युकरमध्ये येत नाही. टेरियस जात मिळाली तर ॲम्फोटेरिसिनवर विसंबता येत नाही, म्हणून लॅबने ‘ॲस्परजिलस स्पीशीज’ एवढंच लिहून सोडलं तर फोन करून जात विचारा.

लॅबकडे नमुनाही नीट गेला पाहिजे. सकाळचा, खोलवर खोकून काढलेला, ३ ते ५ मिली बेडका. लाळ नको. प्लेटवर घेताना त्यातले घट्ट गठ्ठे आणि तपकिरी कण निवडून घ्यायचे. जास्त नमुना पेरला की वाढ मिळण्याची शक्यता बरीच वाढते. सॅबुरोड माध्यमात क्लोरॅमफेनिकॉल असावं, सायक्लोहेक्झिमाइड नसावं. नखाच्या बुरशीसाठी ठेवलेल्या त्या प्लेटवर ॲस्परजिलस दबतो आणि रिपोर्ट ‘नो ग्रोथ’ येतो.

वाचायला कुठे जायचं? मँचेस्टरचे डेव्हिड डेनिंग यांनी १९९८ मध्ये सुरू केलेलं ‘द ॲस्परजिलस वेबसाइट’ हे या विषयाचं सगळ्यात मोठं एकहाती भांडार आहे. लेख, सीटीच्या प्रतिमा, स्लाइडचे फोटो, औषधांची माहिती, सगळं फुकट. तिथल्याच विदनशॉ रुग्णालयात २००९ पासून राष्ट्रीय ॲस्परजिलोसिस केंद्र आहे, आणि रुग्णांसाठीचं वेगळं संकेतस्थळ त्यांच्याच लोकांकडून चालवलं जातं. त्या संकेतस्थळाची भाषा सोपी आहे, पण भारतातली औषधं, किमती, सुबा कॅप्सूल यांचा तिथे उपयोग नाही. रुग्णाला ते वाचायला सांगताना हे सांगा. औषधांच्या आंतरक्रियांसाठी अँटिफंगल इंटरॅक्शन्सचा डेटाबेस नवीन गोळी लिहिण्याआधी एकदा उघडावा. इन्व्हेसिव्हसाठी आयडीएसए या अमेरिकेतल्या संसर्गरोग तज्ज्ञांच्या संस्थेची २०१६ ची तत्त्वं आणि संशोधनाच्या व्याख्यांसाठी ईओआरटीसी-एमएसजीची २०२० ची सहमती. ती दुसरी कर्करोग आणि प्रत्यारोपणाच्या रुग्णांच्या अभ्यासासाठी आहे, तुमच्या सीपीएच्या रुग्णाला लावू नका. एबीपीए आणि सीपीएवर मात्र चंदीगडच्या पीजीआयचं काम आधी वाचा, मग बाहेरचं. आपल्या रुग्णांचे आकडे तिथे आहेत.

आता मुलीसाठी. पुण्यात बसून करण्यासारखा चांगला विषय म्हणजे मातीतला अझोल-रोधी फ्युमिगेटस. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढलेल्या बुरशींच्या यादीत फ्युमिगेटस सर्वांत वरच्या, ‘क्रिटिकल’ गटात आहे, आणि त्यामागे हा रोध हे एक मोठं कारण आहे. सायप५१ए जनुकाच्या प्रवर्तक भागात ३४ बेसची पुनरावृत्ती आणि एल९८एच बदल, म्हणजे टीआर३४, हा प्रकार आधी नेदरलँड्समध्ये सापडला. भारतात दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या गटाने तो २०१२ मध्ये रुग्णांत आणि मातीत दोन्हीकडे दाखवला. टेब्युकोनॅझोल, हेक्साकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल ही पिकांवरची औषधं आणि आपली इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल एकाच जागी मार करतात. नारायणगावच्या द्राक्षबागा आणि सोसायटीचा खतखड्डा यांची तुलना सहा महिन्यांत होण्यासारखी आहे.

पद्धत साधी आहे. २ ग्रॅम माती ८ मिली ०.८५ टक्के सलाइनमध्ये घालून व्हॉर्टेक्स, ३० सेकंद बसू द्यायची, वरचं पाणी १:१० करून त्यातलं १०० मायक्रोलिटर क्लोरॅमफेनिकॉलच्या सॅबुरोडवर. ३७ अंशांना ४८ तास. प्लेट म्युकर-रायझोपसने भरून जाते ही नेहमीची तक्रार, तेव्हा ४८ अंशांवर ठेवा. फ्युमिगेटस त्या उष्णतेतही वाढतो, त्याच्यासारखा दिसणारा लेंट्युलस वाढत नाही. मग शुद्ध वाढ चार कप्प्यांच्या प्लेटवर: इट्राकोनॅझोल ४, व्होरिकोनॅझोल २, पोसाकोनॅझोल ०.५ मिग्रॅ प्रति लिटर आणि एक कप्पा बिनऔषधाचा. औषधाच्या कप्प्यात उगवलेल्याचीच पुढे एमआयसी (वाढ रोखणारी औषधाची किमान मात्रा) आणि सायप५१ए सिक्वेन्सिंग. जात नक्की करायला आयटीएस या नेहमीच्या जनुकीय भागावर थांबू नये, बीटा-ट्युब्युलिन किंवा कॅलमोड्युलिन करावं. संदर्भ स्ट्रेन म्हणून एएफ२९३ वापरतात. त्याचा जीनोम डिसेंबर २००५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि फंगीडीबी या ऑनलाइन डेटाबेसवर तो जनुकागणिक उघडून बघता येतो.

शेतकऱ्याकडून फवारणीची वही मागून घ्यायची, कुठलं औषध, कधी, किती वेळा. ती नसेल तर मातीचा आकडा नुसता आकडाच राहतो. स्ट्रेन ओळखून आणि जपून ठेवायला आगरकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे. तिथे जमा करताना गोळा केल्याची जागा, तारीख आणि पीक लिहून द्यावं लागतं, म्हणून हे पहिल्या दिवसापासून नळीच्या लेबलवर असू दे. आणि पंख्याखाली प्लेट उघडायची नाही. वर्ग २ च्या बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच, कडेला पॅराफिल्म लावून. प्रयोगशाळेत कोणाला दमा असेल तर त्याला या कामापासून लांब ठेवा.